नकाशावरचे बाण : मिशनच्या अभ्यासाला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय,

मायन्यात याहून जास्त काही सुचलं नाही, तेवढं चालवून घे.

तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना बरं वाटलं. वाक्यं स्वच्छ आहेत, वाचनही बरंच झालेलं दिसतं. दुसऱ्यांदा मात्र शीर्षकावरच अडखळलो. 'उलट मिशन : आफ्रिका आणि आशियातून युरोपकडे.' म्हणजे जिथे एकेकाळी युरोपातून ख्रिस्ती मिशनरी गेले, तिथलेच लोक आता धर्मप्रसाराला युरोपात जातात. हा 'उलट' शब्द काही तू काढलेला नाहीस, या क्षेत्रात तो सर्रास चालतो. पण उलट म्हणायचं तर सुलट कुठली हे आधी ठरलेलं असावं लागतं. ते कोणी ठरवलं? तुझ्या पुढच्या तीन-चार वर्षांचं निम्मं काम मला या एका प्रश्नात दिसतं, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

जुन्या मिशन-इतिहासांच्या शेवटी एक घडीचा नकाशा असे. लंडन, बोस्टन, बासेल, रोम इथून बाण निघायचे आणि आफ्रिकेच्या, आशियाच्या किनाऱ्यांवर जाऊन टेकायचे. बाण टेकला की गोष्ट संपली. आताची बरीच पुस्तकं काय करतात, तर त्याच बाणांची टोकं फिरवतात. लागोसहून लंडन, सोलहून मध्य आशिया. नकाशा तोच, छपाई तीच, फक्त टोक दुसरीकडे. मला हे पटत नाही. ख्रिस्ती मिशन जागतिक झालं ते बाण फिरल्यामुळे नव्हे. बाण कधीच एका दिशेचे नव्हते, आणि प्रत्येक बाण जिथे टेकला तिथे कोणीतरी माणूस उभा होता. त्याने आलेली गोष्ट आपल्या भाषेत ओतली, तिच्यातलं काही गाळलं, काही पदरचं घातलं आणि ती तिसऱ्याच कोणाकडे धाडली. तो मधला माणूस शोध.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. पंडिता रमाबाई म्हटलं की मराठी वाचकाला संस्कृत विद्वत्ता, विधवांसाठीचं काम, केडगावचं मुक्ती सदन एवढं आठवतं. जागतिक ख्रिस्ती इतिहासाच्या अभ्यासकाला मुक्ती आठवते ती वेगळ्या कारणाने. १९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठी धर्मजागृती झाली. वेल्सचे मिशनरी आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांत काम करत होते, तिथल्या मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चमध्येही तसंच काही सुरू झालं. या बातम्या रमाबाईंपर्यंत पोचल्या, आणि १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीतल्या मुली आणि बाया एकाच वेळी, मोठ्याने, रडत, तासन् तास प्रार्थना करू लागल्या. यातल्या कित्येकजणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. रमाबाईंबरोबर काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट बाईंनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक लहान पुस्तिका लिहिली. शिकागोच्या प्रशिक्षण शाळेत त्यांच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण, मे हूवर, नवऱ्याबरोबर चिलीत वालपराइसोला होती. पुस्तिका तिला पोस्टाने गेली. हूवर दांपत्याने ती वाचली, आपल्या मंडळीला सांगितलं, मंडळी प्रार्थनेला बसली. १९०९ मध्ये वालपराइसोतही तसंच घडलं. मेथडिस्ट वरिष्ठांना ते रुचलं नाही आणि १९१० मध्ये हे लोक वेगळे झाले. चिलीतल्या पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळ्या आपली वंशावळ तिथून सांगतात.

आता बाण मोज. वेल्स, खासी टेकड्या, केडगाव, वालपराइसो. शेवटच्या टप्प्यासाठी कुठल्याही मिशन संस्थेने ठराव केला नव्हता, पैसे मंजूर केले नव्हते, माणूस पाठवला नव्हता. एक पुस्तिका आणि एक जुनी मैत्री, बस्स. पेंटेकोस्टल चळवळीचा जन्म लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर १९०६ मध्ये झाला असं बऱ्याच पाठ्यपुस्तकांत वाचशील. मुक्ती त्याच्या आदल्या वर्षीची. पण म्हणून 'आमचंच पहिलं' असा झेंडा घेऊन नाचू नकोस. राजधानी बदलली तरी तो तसलाच नकाशा होतो. आणि आणखी एक गोष्ट. पुस्तिकेवर नाव एब्रम्सबाईंचं आहे. ज्या मुलींच्या तोंडून ती प्रार्थना पहिल्यांदा फुटली त्यांच्यापैकी किती जणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत? मधल्या माणसामागे अजून एक मधलं माणूस असतं, आणि बहुतेक वेळा ते बाईमाणूस असतं.

अशी उदाहरणं एकदा दिसायला लागली की सगळीकडे दिसतात. विल्यम केरी यांना आधुनिक मिशनचे जनक म्हणायची पद्धत आहे. ते १७९३ मध्ये बंगालला आले. त्याच्या दहा वर्षं आधी, १७८३ मध्ये, जॉर्ज लाईल हा गुलामीतून सुटलेला कृष्णवर्णीय बाप्टिस्ट उपदेशक अमेरिकेतल्या जॉर्जियातून जमैकाला पोचला होता आणि तिथल्या गुलामांत मंडळी उभी करत होता. त्याच्यामागे संस्था नव्हती, उलट प्रवासाचं कर्ज फेडण्यासाठी त्याला करारावर राबावं लागलं. त्याच्याही आधी, १७३२ मध्ये, जर्मनीतल्या हेर्नहूटचे मोरेव्हियन पंथाचे लोक कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर गेले होते. आणखी मागे जायचं तर चीनमध्ये शिआनला एक शिलालेख आहे, ७८१ मध्ये उभारलेला, चिनी आणि सिरियाक भाषांतला. अलोपेन नावाचा धर्मगुरू ६३५ मध्ये तिथल्या तांग दरबारात आल्याची नोंद त्यात आहे. उत्तर युरोपच्या मोठ्या भागात तेव्हा ख्रिस्ती धर्म पोचायचाही होता. आणि १२८७ मध्ये रब्बान सौमा हा आजच्या बीजिंगच्या मुलखातला साधू पॅरिसला जाऊन फ्रान्सच्या राजाला भेटला. याला उलट म्हणशील की सुलट?

आता १९१० कडे येऊ, कारण तुझ्या आराखड्याचं पहिलं प्रकरण तिथून सुरू होतं. एडिनबरोची जागतिक मिशनरी परिषद, प्रोटेस्टंट मिशन संस्थांची. सुमारे १२०० प्रतिनिधी, त्यांतले बहुतेक ब्रिटिश आणि अमेरिकन. आशियातले वीसही नव्हते, आणि आफ्रिकेची उपस्थिती जवळजवळ नाहीच. भारतातून गेलेल्या वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांचं तिथलं भाषण तू उतरवलं आहेस. तुम्ही गरिबांसाठी संपत्ती दिलीत, प्राण दिलेत, आता आम्हाला मित्र द्या, ही त्यांची मागणी सगळेच उद्धृत करतात. उद्धृत करणारे एक मात्र विसरतात: हा माणूस तिथे नुसता याचक म्हणून उभा नव्हता. त्याने १९०३ मध्ये तिरुनेलवेलीत भारतीय माणसांच्या आणि भारतीय पैशांच्या जोरावर मिशन संस्था काढली होती आणि तिचे लोक तेलुगू मुलखात काम करत होते. १९०५ मध्ये सेरामपूरला राष्ट्रीय पातळीवरची दुसरी संस्था निघाली, त्यातही तो होता. म्हणजे त्या सभागृहात मिशन 'मिळालेल्या' देशाचा प्रतिनिधी बोलत होता असं श्रोत्यांना वाटलं असेल, प्रत्यक्षात एक मिशन-चालक दुसऱ्या मिशन-चालकांशी बोलत होता. हे लक्षात घेऊन ते भाषण पुन्हा वाच. सूरच बदलतो.

याच परिषदेत लॅटिन अमेरिका विषयपत्रिकेवर नव्हती. तिथले लोक कॅथलिक, म्हणजे ख्रिस्तीच. मग तिथे मिशन कसलं, असा अँग्लिकनांमधल्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या, एका गटाचा आक्षेप होता आणि तो मानावा लागला. साल १९१०. वालपराइसोचे लोक वेगळे झाले तेही याच साली. विसाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्माचा एक सगळ्यात मोठा प्रवाह जिथे उगम पावत होता तो अख्खा खंड मिशनच्या सगळ्यात मोठ्या परिषदेच्या कागदांत नव्हता. परिषदांचे ठराव वाचून इतिहास लिहिणाऱ्यांनी हे एक उदाहरण टेबलासमोर चिकटवून ठेवावं.

मिशनशास्त्र या अभ्यासशाखेचाच इतिहास तू दोन पानांत उरकला आहेस. तिथे थोडं थांब. गुस्ताफ वारनेक यांनी १८७४ मध्ये मिशनविषयक जर्मन नियतकालिक सुरू केलं आणि १८९६ मध्ये हाले विद्यापीठात ते या विषयाचे प्राध्यापक झाले. कॅथलिकांच्या बाजूने योझेफ श्मिडलिन यांनी म्युन्स्टरला तसंच काम उभं केलं. पुढे नाझींना विरोध केल्यामुळे १९४४ मध्ये छळछावणीत त्यांचा अंत झाला. या पहिल्या पिढीचा प्रश्न सरळ होता: माणूस नीट तयार करून पाठवायचा कसा? शास्त्र होतं ते पाठवणाऱ्याचं. कम्युनिस्ट क्रांतीनंतर चीनमधून मिशनरी बाहेर काढले गेल्यावर हा प्रश्नच डळमळला. १९५२ मध्ये जर्मनीतल्या विलिंगेनच्या मिशन परिषदेनंतर मिशन हे मुळात देवाचं, चर्च फक्त त्यात सहभागी, असा विचार पुढे आला. १९१२ पासून निघणाऱ्या 'इंटरनॅशनल रिव्ह्यू ऑफ मिशन्स' या त्रैमासिकाने १९६९ मध्ये नावातलं अनेकवचन काढून टाकलं. मराठीत सांगायचं तर 'मिशनं'चं 'मिशन' झालं. एका अक्षरासाठी वर्षानुवर्षं वाद घालणारी माणसं मला नेहमीच आवडत आली आहेत.

पण खरा पालट झाला तो एका वर्गात. अँड्र्यू वॉल्स नावाचा तरुण स्कॉटिश अभ्यासक १९५७ मध्ये सिएरा लिओनला चर्चचा इतिहास शिकवायला गेला. दुसऱ्या शतकातल्या तुटक कागदांवरून आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांचं चित्र विद्यार्थ्यांसमोर उभं करताना एके दिवशी त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की आपण राहतोय तेच दुसऱ्या शतकातलं चर्च आहे. नवा धर्म, जुनी प्रजा, वाद, भजनं, दर्शनं, फूट, सगळं खिडकीबाहेर चाललेलं. मग फळ्याकडे तोंड करून काय शिकवतोय? वॉल्सनी पुढे ॲबरडीनला पाश्चात्त्येतर ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचं केंद्र काढलं, ते नंतर एडिनबरोला गेलं. गांबियात मुस्लिम घरात जन्मलेले लामिन सान्ने, घानाचे क्वामे बेदियाको ही पुढची नावं तुला माहीतच आहेत. वॉल्सची ही गोष्ट तुला सांगायचं कारण असं की ते अभ्यासाला गेले नव्हते, शिकवायला गेले होते. तिथे जाऊन गप्प बसले, आणि म्हणून त्यांना दिसलं.

आकड्यांविषयी. १९१० मध्ये जगातल्या दर तीन ख्रिस्ती माणसांतली जवळपास दोन युरोपात राहत होती. २०१० पर्यंत ते प्रमाण चारात एक इतकं खाली आलं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेचा वाटा त्याच शंभर वर्षांत दोन टक्क्यांच्याही आतून जवळजवळ चोवीस टक्क्यांवर गेला. हे आकडे वापर, दिशा दाखवायला ते पुरेसे आहेत. पण दशांशचिन्हाच्या पुढे जाऊ नकोस. जगात अमुक हजार ख्रिस्ती पंथ आहेत असं जे वाक्य तू घेतलं आहेस ते काढून टाक. त्या मोजणीत एकच पंथ जितक्या देशांत असेल तितक्या वेळा वेगळा धरतात. हे न सांगता आकडा टाकला की वाचकाला वाटतं, हजारो भांडणं झाली.

मोठी गोष्ट भाषेची. इंग्रजीवर हा विषय निभावेल असं तू गृहीत धरलेलं दिसतंय. निभावेल, आणि प्रबंध मंजूरही होईल. पण मग तू पाठवणाऱ्यांचीच पत्रं वाचत बसशील. या विषयातले सगळ्यात खोल वाद शब्दांवरून झाले आहेत. चीनमध्ये देवाला काय म्हणायचं? प्राचीन ग्रंथांतला 'शांगदी' चालेल, की 'तिआनझू', म्हणजे स्वर्गाचा धनी, हाच हवा? पूर्वजांना वाहिलेला धूप ही पूजा की शिष्टाचार? चीनमध्ये गेलेला जेझुइट मिशनरी मात्तेओ रिच्ची याच्या मागून आलेल्यांत हा वाद पिढ्यान् पिढ्या चालला, रोमने १७४२ मध्ये पूर्वजांच्या विधींवर पक्की बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९३९ उजाडलं. दोनशे वर्षं! सान्नेंचं म्हणणं असं की मिशनऱ्यांनी स्थानिक भाषेतलं देवाचं नाव उचललं त्या क्षणी सत्ता त्यांच्या हातून निसटली, कारण त्या शब्दाचा अर्थ त्यांच्यापेक्षा गावातल्या म्हातारीला जास्त ठाऊक होता. हे मला बव्हंशी पटतं. पण पूर्ण नाही. कोणती बोली छापायची, कोणतं व्याकरण शुद्ध धरायचं, हे ठरवणारा हात छापखान्याच्या मालकाचा असतो, आणि शेजारच्या चार बोली त्या निवडीखाली गाडल्या जातात.

मराठीचंच बघ ना. फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं. आपण आज 'पवित्र आत्मा' सहज लिहितो. पण 'आत्मा' म्हटलं की उपनिषदं न बोलावता खोलीत येऊन बसतात. इंग्रजी शब्दात ती नव्हती, ग्रीक शब्दात तर नव्हतीच. मग हा शब्द ऐकून एखाद्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याने नेमकं काय स्वीकारलं? असे प्रश्न योरुबात असतील, कोरियनमध्ये असतील. ते विचारायला तुला निदान एक भाषा शिकावी लागेल, निदान स्तोत्रं आणि पत्रं वाचण्याइतकी. सिद्धान्ताचं एखादं पुस्तक कमी वाच, हरकत नाही.

दप्तरांबद्दल माझा एक अनुभव सांगतो. एका मिशनच्या कागदांत मी भाषांतराला मदत करणाऱ्या मुन्शीचं नाव शोधत होतो. वार्षिक अहवाल झाले, खासगी पत्रं झाली. सगळीकडे 'आमचे पंडित', 'आमचा विश्वासू सेवक', कधी नुसतंच 'तो'. तीन आठवडे गेले. शेवटी कंटाळून हिशेबाची वही उघडली, आणि पहिल्याच पानावर महिन्याच्या पगारासमोर पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पगार देताना नाव लिहावंच लागतं. कौतुक करताना लागत नाही. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी जमाखर्च मागतो. अहवाल हे देणगीदारांसाठी लिहिलेले असतात. त्यांत यश फुगवलेलं असतं आणि अडचणीही फुगवलेल्या असतात, कारण पैसे दोन्हींनी येतात.

कागद कुठे आहेत हेही विसरू नकोस. चर्च मिशनरी सोसायटीचे बर्मिंगहॅमला, लंडन मिशनरी सोसायटीचे लंडनला, अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे हार्वर्डला, बाकी बासेल, हाले, रोम. ख्रिस्ती धर्माचा गुरुत्वमध्य दक्षिणेकडे सरकला हे वाक्य आपण सगळे लिहितो, पण ते लिहायला लागणारे कागद, पदं, नियतकालिकं आणि शिष्यवृत्त्या अजून बऱ्याच अंशी उत्तरेतच आहेत. बेदियाकोंनी घानात अक्रोपाँगला अभ्याससंस्था उभी केली ती याच दुखण्यावर. तुझ्या संदर्भांत आफ्रिकेत छापलेलं एकही पुस्तक नाही. आफ्रिकेवरच्या प्रकरणातसुद्धा.

सॅम्युएल अजायी क्राउदर यांच्यावर तू एक परिच्छेद दिला आहेस, मी तुझ्या जागी असतो तर प्रकरण दिलं असतं. मुलगा असताना गुलाम म्हणून विकले गेले, १८२२ मध्ये ब्रिटिश नौदलाने त्यांचं जहाज पकडल्यावर सुटले, सिएरा लिओनमध्ये शिकले, आपल्या मातृभाषेत, योरुबात, बायबल आणलं, १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकन बिशप झाले. नायजर नदीवरचं त्यांचं मिशन आफ्रिकन माणसं चालवत. चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांचं धोरणच होतं की स्थानिक चर्चने आपला कारभार, आपला खर्च, आपला प्रसार स्वतः करावा. व्हेन गेले, काळ बदलला, साम्राज्याचा ताठा वाढला. १८९० मध्ये तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी या म्हाताऱ्या बिशपसमोर त्यांच्या माणसांचे दोष वाचून दाखवले आणि एकेकाला निलंबित केलं. १८९१ च्या शेवटच्या दिवशी क्राउदर वारले, त्यांच्या जागी युरोपीय बिशप आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जे जमत होतं ते शतक संपताना अशक्य ठरवलं गेलं. इतिहास पुढेच जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं.

मिशन म्हणजे साम्राज्याचा हात, की मिशन म्हणजे सेवा, या भांडणात तू पक्ष घ्यावास अशी तुझ्याकडून अपेक्षा केली जाईल. दोन्ही बाजूंना आळशी वाचक पुष्कळ आहेत. ईस्ट इंडिया कंपनीला १८१३ पर्यंत मिशनरी नकोच होते, म्हणून केरींना डॅनिश ताब्यातल्या सेरामपूरचा आसरा घ्यावा लागला. काँगोत बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या रबराच्या जुलमावर लिहिणाऱ्यांत विल्यम शेपर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी होता. रबर कंपनीने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला आणि १९०९ मध्ये तो निर्दोष सुटला. हे खरं. आणि कॅनडात सरकारच्या पैशावर चर्चसंस्थांनी चालवलेल्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख आदिवासी मुलं घरातून तोडली गेली, त्यांच्या जिभेवरून त्यांची भाषा पुसली गेली, हेही तितकंच खरं. यांची बेरीज-वजाबाकी करून सरासरी काढायला बसू नकोस. कुठलं मिशन, कुठलं वर्ष, पैसा कोणाचा आणि निघून जायची मुभा कोणाला होती, एवढे चार प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचार.

आता तुझ्या मूळ विषयाकडे. कोरियाचं मिशन तू १९८० च्या दशकापासून सुरू करतेस, कारण तेव्हा तिथे पैसा आला. पण १९०७ मध्ये तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चने पहिल्या सात कोरियन पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, दीक्षा दिली आणि त्यांतल्या एकाला जेजू बेटावर मिशनरी म्हणून पाठवलं. काही वर्षांत चीनच्या शानदुंगला तीन जण गेले. देश जपानच्या टाचेखाली, खिशात काही नाही, आणि हे लोक माणसं पाठवत होते. म्हणजे पैसा हे कारण पुरेसं नाही. पैशाने प्रमाण वाढलं आणि त्याबरोबर जुन्या पाठवणाऱ्यांचे दोषही आले. २००७ मध्ये अफगाणिस्तानात गेलेल्या तेवीस कोरियन स्वयंसेवकांचं अपहरण झालं, दोघे मारले गेले, आणि कोरियातच लोकांनी चर्चला विचारलं, तुम्हाला तिकडे कोणी बोलावलं होतं? हाच सवाल १९७१ मध्ये केनियाचे जॉन गाटू यांनी दुसऱ्या टोकाने केला होता: तुमचे मिशनरी आणि तुमचा पैसा काही वर्षं थांबवा, आम्हाला आमच्या पायांवर उभं राहता येतं का ते बघू द्या. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाच. एक प्रकरण तिथेच तयार आहे.

लंडनच्या नायजेरियन मंडळ्यांबद्दल एक सावधगिरी. १९५२ मध्ये लागोसमध्ये सुरू झालेलं रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉड आज कितीतरी देशांत आहे, पण त्याचे पहिले लोक कुठे मिशनरी म्हणून गेले, कुठे विद्यार्थी, परिचारिका, नोकरदार म्हणून, हे वेगळं काढ. त्यांचे पाळक म्हणतात, आम्ही इंग्लंडला पुन्हा सुवार्ता सांगायला आलोय. रविवारी बाकांवर बसलेली माणसं मात्र बहुतांशी नायजेरियनच असतात. हेतू एक, फळ दुसरं. कीव्हमध्ये १९९४ मध्ये एका नायजेरियन पाळकाने सुरू केलेल्या मंडळीत बहुसंख्य लोक युक्रेनियन होते, पण तो अपवाद, आणि अपवाद का झाला हा चांगला प्रश्न आहे. घोषणा आणि उपस्थिती यांतलं अंतर मोजल्याशिवाय 'उलट' हा शब्द वापरूच नकोस.

शेवटी तू विचारलंस ते. स्वतःचा विश्वास नसताना हा अभ्यास प्रामाणिकपणे करता येतो का? येतो. विश्वास असतानाही येतो. दोघांचे आंधळे कोपरे वेगळे असतात, इतकंच. विश्वासी माणसाला प्रार्थना दिसते आणि जमाखर्च दिसत नाही. अविश्वासी माणसाला जमाखर्च दिसतो आणि प्रार्थना म्हणजे त्याच्यावरचं वेष्टण वाटतं. मुक्तीतल्या त्या मुलींचं रडणं दुष्काळाच्या जखमांचं होतं असं तू लिहू शकतेस, आणि त्यात तथ्य असेलही. पण त्या स्वतः त्याला काय म्हणत होत्या, ते त्यांच्या शब्दांत आधी लिही, तुझं स्पष्टीकरण मागाहून. मी हे उलट क्रमाने केलं होतं एकदा. छापून आलं, आता पुसता येत नाही.

पुढच्या महिन्यापर्यंत एवढंच कर. कुठल्याही एका मिशनचा एका वर्षाचा अहवाल घे आणि त्यात नाव नसलेली माणसं मोज. स्वयंपाकीण, नावाडी, दुभाषा, घरोघर बायबल वाचून दाखवणारी बायबल-बाई, सगळी. प्रत्येकाने त्या वर्षी काय केलं ते एका ओळीत लिही. मग त्याच वर्षाचा जमाखर्च मिळाला तर जोडून बघ. यादी मला पाठव. तोवर शीर्षकाची जागा कोरी ठेव. आणि भाषा कोणती घेतलीस तेही कळव.

तुझा,
मार्गदर्शक म्हणवून घेणारा

ता. क. तळटीप १४ मध्ये तू अझरियांना 'बिशप' म्हणून एडिनबरोला पाठवलं आहेस. दोर्नकलचे बिशप ते झाले १९१२ मध्ये. परिषदेच्या वेळी त्यांना दीक्षा घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. समोर बसलेल्या कित्येकांहून ते पदाने लहान होते. तेवढं दुरुस्त कर, आणि मग त्या भाषणावरचा तुझा परिच्छेदही.